आईचं कोणतं 'हो' खरं?

जन्मभर अंड्याचा वासही न सोसलेली आई डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) शेजारच्या ताटातलं ऑम्लेट मागते आणि चवीनं खाते. पुन्हा मागितलं तर द्यायचं?

अमेरिकी विचारवंत रोनाल्ड ड्वॉर्किन (१९९३) जुन्या आईच्या बाजूनं. घटकाभराची आवड वेगळी आणि आयुष्याला आकार देणारी निष्ठा वेगळी; डोकं शाबूत असताना ठरवलेलं वरचढ. त्यांच्यासमोर मार्गो नावाच्या रुग्णाचं उदाहरण होतं. ती रोज तेच चित्र काढायची, पुस्तक कुठलंही पान उघडून वाचायची आणि खूप आनंदात असायची. तिनं आधी 'या आजारात मला जगवू नका' असं लिहून ठेवलं असतं तर? ते पाळावं, असं ड्वॉर्किन म्हणतात. कायद्याच्या अभ्यासक रिबेका ड्रेसर (१९९५) यांना हे पटत नाही: आज सँडविच खाऊन खूश असलेल्या मार्गोला त्या कागदाचं काय?

मला दोघांपेक्षा तत्त्वज्ञ अग्निएश्का यावोर्स्का (१९९९) यांचा प्रश्न कामाचा वाटतो. आठवतं किती, हे सोडा. तिला अजून कशाची किंमत वाटते? आई अजून देवापुढे हात जोडत असेल, सोवळ्याचं बोलत असेल, तर ऑम्लेट टाळा. नसेल, तर द्या. दुखावतो तो बहुधा आपलाच अभिमान.

नाकातून अन्नाची नळी घालायची वेळ आली की मात्र मी ड्वॉर्किनकडे झुकतो. दुटप्पीपणा आहे, मान्य. पण ऑम्लेट उद्या बंद करता येतं, नळी काढायचा निर्णय घरात कुणाच्या तोंडून निघत नाही. आणि ती स्वतः नळी ओढून काढत असेल, तर तेही तिचं बोलणंच.

इंग्लंडचे डिमेन्शियाचे अभ्यासक टॉम किटवुड (१९९७) यांचा रोख रोजच्या वागण्यावर: माणूसपण नात्यातून मिळतं. तिच्यासमोर तिच्याबद्दल परस्पर बोलणं, लहान मुलासारखं दटावणं, फसवणं यानं ते हिरावलं जातं. म्हणून 'बाबा कुठे गेले?' या प्रश्नाला 'बाजारात' हे उत्तर त्यांना खटकेल, आणि रोज नव्यानं मृत्यूची बातमी देणं तर क्रूरच. 'आठवण येतेय का त्यांची?' असं विचारून पाहा.

निदान नुकतंच झालं असेल तर घाई करा. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, समज शाबूत असतानाच करता येतं. भारतात २०२३ पासून दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर. ते लागू होतं बरं होण्याची आशा नसलेल्या शेवटच्या अवस्थेत. ऑम्लेटचं घरातच ठरवावं लागेल.