घोडेस्वारीचा वर्ग: आधी खरारा, मग रिकीब

गेले काही महिने मी नियमित घोडेस्वारी शिकतेय. शिकायचं मनात असलेल्यांना पहिलं हेच सांगेन, की जिथे खोगीर चढवलेला घोडा समोर आणून थेट वर बसवतात आणि तास संपला की उतरवून घेतात, तिथे पैसे भरू नका. मी आधी जायचे तिथे हीच पद्धत होती. घोडा ओळखीचाच होत नाही.

आता जाते तिथे तास जमिनीवर सुरू होतो. आधी खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासून साफ करणं, मग चारही खूर उचलून साफ करायचे. टाचेकडून पुढच्या टोकाकडे खरवडायचं आणि मधला मऊ त्रिकोणी भाग जपायचा. पाठ कुठे दुखतेय, तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली, सोलवटलंय का, हे तेव्हाच हाताला कळतं. माझ्या वाट्याची कुमैत (तांबूस-तपकिरी अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी सुरुवातीला कान मागे पाडून उभी राहायची. आता आयाळ संपते त्या उंचवट्यावर खाजवलं की तिची मान खाली येते, वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागतो. घोडे एकमेकांना नेमके तिथेच दातांनी खाजवतात. तिथे खाजवल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे.

मांड, म्हणजे घोड्यावरची पक्की बैठक, बसायला वेळ लागतो. दुडकीत, म्हणजे चालण्यापेक्षा वेगाच्या चालीत, एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा असे तिरपे पाय जोडीने पडतात, त्या दोन ठोक्यांवर उठायचं-बसायचं. मांड्या भरून येतात, पण ते काही आठवड्यांत सरतं. हात मऊ ठेवणं जास्त अवघड. लगामाची कडी तोंडात दात नसलेल्या जागी, थेट हिरडीवर टेकते. तोल सावरायला लगाम ओढला की दुखतं ते तिला. म्हणून आमच्या गुरुजींनी सुरुवातीला लगाम हातात दिलाच नाही. लांब दोरीवर गोल फिरवत नुसती मांड पक्की करून घेतली. मला हे फार पटलं. पुढे शिकवलं ते असं: घोडीने ऐकलं, की त्याच क्षणी दाब सोडायचा. ती शिकते त्या सोडण्यातूनच.

आणि ती किती बारीक वाचते! वळायच्या दिशेला नुसतं बघितलं तरी आपली कंबर किंचित फिरते आणि ती वळू लागते. बर्लिनमधला ‘क्लेव्हर हान्स’ नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. प्रत्यक्षात तो समोरच्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपत होता, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं. मला त्यात घोड्याची फजिती वाटत नाही, उलट त्याची खरी हुशारी तीच वाटते. घाईत, चिडून गेलेल्या दिवशी घोडी पहिल्या पावलापासून ताठ असते.

हेल्मेट स्वतःचं आणि घोडेस्वारीसाठीच बनवलेलं घ्या. जोरात आपटलं की बदला. बुटाला छोटी टाच हवीच, नाहीतर पाय रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) आरपार अडकून पडल्यावर फरफटत जायची भीती.

जागा पक्की करण्याआधी एकदा तास संपायच्या वेळी जाऊन उभे राहा. तंग लगेच सैल करतात का, घोड्याला सावकाश चालवून थंड करतात का, पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का, ते बघा. तसे ठिपके जुन्या दाबाच्या जखमांचे असू शकतात. एकच घोडा दिवसात किती तास जुंपतात तेही विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे जा.

मी पुढची फी भरली आहे. आता कॅन्टर, म्हणजे दुडकीपुढची वेगाची चाल, सुरू होईल, त्याचे तीन ठोके अजून अंगात मुरायचे आहेत.