रात्रीच्या कापडी डायपरसाठी फ्लीस लायनर, घ्यावेत का?

मुलगी पावणेदोन वर्षांची, रात्री सू भरपूर, नुसतं कॉटनचं इन्सर्ट (डायपरच्या आतली शोषणारी घडी) पहाटेपर्यंत ओलंचिंब आणि जांघेत लालभडक, म्हणून हे साधे फ्लीसचे (मऊ सिंथेटिक कापडाचे) लायनर, म्हणजे इन्सर्टवर अंगाला लागून ठेवायचे पातळ थर, मागवले आणि खरं सांगू, पैसे वसूल. फ्लीस स्वतः ओल धरत नाही, खालच्या थराला देऊन टाकतं, त्यामुळे अंगाला कोरडं लागतं. पण नुसत्या लायनरवर रात्र निघत नाही हं, खाली हेम्पच्या नाहीतर बांबूच्या कापडाचा जाड बूस्टर, म्हणजे जास्तीची शोषणारी घडी, हवाच. मायक्रोफायबरचं इन्सर्ट असेल तर ते थेट अंगाला लावूच नका, त्वचेचा ओलावाच ओढून घेतं. झिंक ऑक्साइडवालं क्रीम लावता? मग तर लायनर पाहिजेच, नाहीतर क्रीम कापडात बसतं आणि डायपर नीट शोषतच नाही. धुताना सॉफ्टनर अजिबात नको, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचे. पावसाळ्यात पंख्याखाली पण पटकन वाळतात (सासूबाईंना तेवढंच पटलं 😄). एक स्टार कापला कारण धुऊन धुऊन गोळे आलेत आणि साइज जरा लहान, वळवळणारं बाळ असेल तर मागे सरकतो. आणि हो, लालीच्या कडेला बारीक ठिपके पसरायला लागले तर ते फंगल असू शकतं, तिथे लायनर-बियनर काही कामाचं नाही, सरळ डॉक्टरांना दाखवा.