कार्बन फायबरच्या नावाखाली पॉप्लरचा प्लाय

इलेक्ट्रिक स्केटबोर्ड स्वतः जुळवणाऱ्यांना मोटर, कंट्रोलर आणि लिथियमचे सेल आता सहज मिळतात. पायाखालची फळी, म्हणजे डेक, मात्र आपल्या मापाची हवी असेल तर कोणाकडून तरी बनवून घ्यावी लागते. नेमक्या याच ठिकाणी माझी फसवणूक झाली. तक्रार प्रलंबित असल्यामुळे विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, आणि दिले तरी फारसा उपयोग नाही, कारण तो नावे बदलत असतो.

पुण्यात बोर्ड चालवायचा म्हणजे केबलसाठी खोदून खडीने बुजवलेले चर, उचकटलेले पेव्हर ब्लॉक आणि रंग उडालेले गतिरोधक गृहीत धरावे लागतात. त्यासाठी मी सहा इंची हवेचे टायर बसवले होते, आणि डेकच्या पोटाखाली ४८ सेलची बॅटरी येणार होती. नुसत्या सेलचेच वजन सव्वादोन किलोच्या आसपास होते. त्यामुळे डेक न लवणारा हवा, असे मी विक्रेत्याला लेखी कळवले होते. कॅनडाच्या हार्ड मेपल या टणक लाकडाचे सात थर, दोन्ही बाजूंना फायबरग्लास, खालून कार्बन फायबर आणि सगळी जोडणी इपॉक्सी या पक्क्या चिकट रेझिनमध्ये, असे त्याने लेखीच मान्य केले. किंमत १४,००० रुपये ठरली आणि ती सगळी आगाऊ मागितली गेली. यूपीआयवर नाव भलत्याच व्यक्तीचे दिसल्यावर मी विचारले, तेव्हा “सर, कंपनीच्या खात्याला लिमिट लागलंय, हे भाच्याचं खातं आहे,” असे उत्तर आले.

डेक आला तो दिसायला देखणाच होता. खालच्या बाजूला कार्बनची काळी वीण चमकत होती, कडा काळ्या रंगवलेल्या होत्या आणि वर ग्रिप टेप, म्हणजे पाय घसरू नये म्हणून लावायची खरखरीत पट्टी, आधीच चिकटवलेली होती. पहिल्या पावसाच्या सुमारास, बुजवलेल्या एका चरावरून जाताना पुढच्या ट्रकच्या (डेकला चाके जोडणाऱ्या धातूच्या आसाच्या) बोल्टपाशी तो कडाडला आणि मी कोपरावर आपटलो. हेल्मेट आणि पॅड असल्याने खरचटण्यावर भागले.

तुटलेल्या कडेतच सगळे दिसले. चांगल्या डेकमधले मेपलचे थर साधारण दीड मिलिमीटरचे आणि एकसारखे असतात. बहुतेक थरांचे रेषे लांबीच्या दिशेने आणि मधले एकदोन आडवे असतात. इथे एक थर जाड, एक कागदासारखा, आणि दोन तुकडे जिथे भिडलेच नव्हते तिथे भुसा व गोंद कालवून केलेली लांबी (पुट्टी) भरलेली होती. लाकूड इतके मऊ की नखाचा ठसा उमटत होता. माझ्या ओळखीच्या सुताराने तुकडा हातात घेताच सांगितले, “हा पॉप्लर आहे हो, दुकानातल्या साध्या प्लायमधला.” तुकडा रात्रभर बादलीत ठेवला, तर सकाळी पाणी दुधाळ झाले होते आणि थर बोटांनी सुटत होते, म्हणजे जोडणी सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाची होती, कारण घट्ट झालेले इपॉक्सी असे पाण्यात उतरत नाही. राहिला कार्बन. खरा कार्बन फायबर वीज वाहतो, म्हणून वरचा लेप पॉलिश पेपरने घासून मल्टिमीटरची दोन्ही टोके लावली, पण काटा हलला नाही. हेअर ड्रायरची गरम हवा दिल्यावर ती “वीण” सलग सोलून निघाली: मोटारींवर चिकटवतात तसले छापील व्हिनाइल!

यात पैशांपेक्षा मोठा धोका बॅटरीचा आहे. फळी अपेक्षेपेक्षा जास्त लवली की तिच्याखालची कडक पेटी तिच्याबरोबर वाकत नाही; आधी स्क्रू उपटतात, मग सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या तडकतात, आणि पूर्ण चार्ज असताना ५०.४ व्होल्टच्या पॅकमध्ये सैल झालेली पट्टी भलत्या ठिकाणी टेकली तर आग लागायला वेळ लागत नाही. माझ्या पेटीचे दोन स्क्रू खरोखरच निघालेले होते.

विक्रेत्याने आधी टोलवाटोलवी केली, नंतर “कस्टम माल परत घेत नाही” असे म्हणून कानांवर हात ठेवले. बिलावर जीएसटी क्रमांक होता; तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला तेव्हा कपड्यांच्या एका दुकानाचे नाव आले. खरे तर पोर्टलपर्यंत जायचीही गरज नव्हती. या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात आणि पुढची दहा अक्षरे पॅनची, त्यामुळे पॅनचे चौथे, म्हणजे या क्रमांकातले सहावे अक्षर धारकाचा प्रकार सांगते: कंपनीसाठी “सी”, व्यक्तीसाठी “पी”. हा गृहस्थ स्वतःला प्रायव्हेट लिमिटेड म्हणवत होता आणि सहावे अक्षर “पी” होते.

“परत घेत नाही” हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. बिलात मुदत दिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. विक्रेता परराज्यात असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि खोट्या जीएसटी क्रमांकासह १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग आयोगाकडे गेलो. तुटलेले तुकडे, सोललेले व्हिनाइल आणि सगळे संदेश मी जपून ठेवले आहेत.

डेक मागवणाऱ्यांनी ग्रिप टेप न लावलेला आणि कडा न रंगवलेला माल मागावा, आणि पैसे देण्यापूर्वी वजनकाट्यावर ठेवलेल्या त्याच डेकचा व्हिडिओ घ्यावा. हार्ड मेपलची घनता पाण्याच्या सुमारे ०.७ पट असते, पॉप्लरची त्याहून बरीच कमी. माझ्या मापाचा मेपलचा डेक दीड किलोच्या आसपास भरायला हवा होता. हा किलोभरही नव्हता. याच डेकचे फोटो सध्या दुसऱ्या नावाच्या खात्यावर झळकत आहेत, आणि तिथेही कार्बन फायबरचाच दावा केलेला आहे.