पीएलसी उत्तम, पण आतला रिले चिकटला: आठ महिन्यांचा अनुभव

गोकुळ शिरगावच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कास्टिंगला ड्रिलिंग करणाऱ्या एसपीएमवर (एकाच कामासाठी बनवलेल्या खास मशीनवर) रिले आउटपुटचा हा छोटा पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा, प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर, बसवून आठ महिने झाले. रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारा कॉन्टॅक्टचा स्विच. गेल्या महिन्यापर्यंत मी त्याचे कौतुकच केले असते, कारण वीज कितीही वेळा गेली आणि पॅनेलचा पंखा बंद पडून आत भट्टी झाली, तरी तो कधी अडला नाही.

मग एके रात्री दुसऱ्या पाळीत जॉबचा क्लॅम्प सुटेना. आउटपुटचा दिवा विझलेला होता, पण क्लॅम्पचा व्हॉल्व्ह चालवणाऱ्या सोलेनॉइडच्या कॉइलवर मल्टिमीटर पूर्ण २४ व्होल्ट दाखवत होता. ऑपरेटरने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पीएलसीला हलकेच ठोकले आणि क्लॅम्प सुटला. आतल्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले होते. विक्रेत्याचे उत्तर असे की, रिले बोर्डावर सोल्डर केलेला असल्याने अख्खे युनिटच बदलावे लागेल, आणि कॉन्टॅक्टची झीज वॉरंटीत बसत नाही. १९६९ च्या सुमारास मोडिकॉन ०८४ हा सुरुवातीचा पीएलसी आला तो जनरल मोटर्सला रिलेंच्या पॅनेलांपासून सोडवण्यासाठी. इथे तोच रिले पीएलसीच्या पोटात, तोही न निघणारा!

मात्र वायरिंग पाहिल्यावर माझा राग निम्मा झाला. व्हॉल्व्हच्या कॉइलवर पॅनेलवाल्याने कॉइलमधली ऊर्जा जिरवणारा डायोडच लावला नव्हता, त्यामुळे प्रत्येक वेळी कॉइल बंद होताना कॉन्टॅक्टवर ठिणगी पडत होती. दिवसाला १,२०० सायकल धरल्या, तर २०० दिवसांत २,४०,००० ठिणग्या झाल्या, आणि वाचले काय, तर दोन-तीन रुपये!

उरलेला राग पासवर्डचा आहे. दोन आउटपुट रिकामे होते. लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये) आउटपुटचा पत्ता बदलून वायर हलवली की काम दहा मिनिटांचे. परंतु प्रोग्रॅमला कुलूप पॅनेलवाल्याचे, आणि तेवढ्यासाठी त्याने व्हिजिटचे पूर्ण पैसे घेतले. आता चारही व्हॉल्व्हसाठी मध्ये सॉकेटवरचे, म्हणजे काढून बदलता येणारे, रिले आणि कॉइलवर डायोड बसवले आहेत. डायोडमुळे व्हॉल्व्ह किंचित उशिरा सुटतो, पण उत्पादनावर परिणाम जाणवला नाही.

पुढच्या मशीनला पीएलसी हाच घेईन, फक्त ट्रान्झिस्टर आउटपुटचा, ज्यात झिजणारे कॉन्टॅक्ट नसतात. आणि पॅनेलवाल्याचा शेवटचा हप्ता प्रोग्रॅमची प्रत व पासवर्ड हातात पडल्यावरच देईन.