‘पॉवर कमी पडतेय, काका’

बँकेत 31 वर्षं नोटा मोजल्या. खोटी नोट बोटांना कळायची. त्याच मला बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराने 5,900 रुपयांना गंडवलं. तेही तीन हप्त्यांत, मी स्वतः चालत जाऊन.

पोर्टेबल हार्ड डिस्क, 2 टीबी, 4,300 रुपये. मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ ठेवायचे होते. "पक्कं बिल हवं तर 18 टक्के वाढतील, काका." मी 774 रुपये वाचवले. वहीच्या पानावर नुसता आकडा. हसा खुशाल, पण तुम्हीही हेच करता.

घरी लॅपटॉपला लावली की टकटक, टकटक, आणि डिस्क गायब. परत दुकानात. "पॉवर कमी पडतेय. तुमचं पोर्ट यूएसबी 2चं, 500 मिलिअँपिअर देतं. 3चं 900 देतं. डिस्क फिरायला लागताना जास्त ओढते." यातलं अक्षरन्‌अक्षर खरं आहे, हीच तर गोची! थापा मारल्या असत्या तर पकडला असता. दोन पोर्टांतून वीज घेणारी केबल, 450 रुपये.

इथेच कळायला हवं होतं. मी पायरी चढत होतो तेव्हाच त्याने ती केबल ड्रॉवरमधून काढून काउंटरवर ठेवली होती. मी तोंड उघडायच्या आधी, नुसती हातातली पिशवी बघून! काळी केबल, तिला पिवळं रबर गुंडाळलेलं. मला वाटलं, काय तत्पर माणूस आहे. अजून रात्री ती केबल आठवली की झोप उडते.

चार दिवसांनी पुन्हा टकटक. आता अ‍ॅडॉप्टरवाला हब, म्हणजे भिंतीतून वीज घेणारा जादा यूएसबी पोर्टांचा डबा, 1,150. तरी टकटक. भिंतीतून वीज मिळूनही रडते म्हणजे दुखणं विजेचं नाही, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. शेवटी हिंजवडीतल्या भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं. डिस्क चाललेले तास 31,412. म्हणजे सलग साडेतीन वर्षं! कुठल्या तरी जुन्या लॅपटॉपची डिस्क, नव्या डबीत. "मामा, घेतल्या घेतल्या हे बघायचं असतं." नवी डिस्क जेमतेम दोन-चार तास दाखवते म्हणे. आता सांगतोय.

आणि अशी छोटी, अडीच इंची डिस्क यूएसबीवरच चालते. वेगळा 12 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो तो साडेतीन इंचीला. छोट्या डिस्कसाठी कुणी हब गळ्यात मारू लागला तर सरळ उठा.

चौकीत गेलो. "हे सायबरकडे." सायबरवाले म्हणाले, "पैसे ऑनलाइन गेले का? रोख? मग चौकीत." पुन्हा चौकी. साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले, "ही दिवाणी बाब आहे." हेल्पलाइनवर 20 मिनिटं गाणं ऐकवलं आणि विचारलं, बिल आहे का? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण वहीचं पान घेऊन जाऊ कुठल्या तोंडाने? बिल नाही म्हणजे जणू मीच चोर. दुकान तिथेच आहे, चौकीपासून चालत सात मिनिटं. एक हवालदार पाठवायला काय जात होतं?

व्हिडिओची दुसरी प्रत होती म्हणून मुलीसमोर तोंड वाचलं. एकाच डिस्कवर काही ठेवू नका.

शेवटचं भांडायला गेलो तर तो म्हणाला, "परत घेतो, 800 देईन. जुनी आहे ना, काका." नवी म्हणून विकणाऱ्याच्या तोंडून! दिली नाही. उद्या तुमच्याच पिशवीत आली असती.