ईबर्डच्या आधारे साताऱ्यातील पक्षीनिरीक्षणाचे नियोजन : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरपासून सुट्टीच्या दिवशी कुठे जायचे, हे मी ईबर्ड ही पक्ष्यांच्या नोंदींची ऑनलाइन प्रणाली पाहून ठरवतो. त्यापूर्वी शनिवारी रात्री कोणीतरी मायणीचे नाव काढायचे आणि आम्ही पहाटे कोरेगाव, पुसेगाव, वडूज असे मजल दरमजल करत तलावावर पोहोचायचो. पाणी काठोकाठ असले, की चिखलात चरणारे पक्षी अर्थातच नसायचे.

कॉर्नेल पक्षीविज्ञान प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली विनामूल्य आहे. निरीक्षकांनी भरलेल्या, एकेका फेरीत आढळलेल्या पक्ष्यांच्या याद्यांवरूनच तिचे नकाशे आणि आलेख तयार होतात. मला सर्वाधिक उपयोग झाला तो पट्ट्यांच्या आलेखाचा. त्यात प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले असतात आणि प्रत्येक पक्ष्यासमोर हिरवी पट्टी कुठे जाड, कुठे बारीक दिसते. सुरुवातीचे दोन महिने मी जाड पट्टी म्हणजे पुष्कळ पक्षी असे समजत होतो. वास्तविक तो पक्षी एकूण याद्यांपैकी किती याद्यांत नोंदला गेला, याचे ते प्रमाण असते. एकटा खंड्या रोज दिसला तर त्याची पट्टी जाड होते; शेकडोंचा थवा एकाच यादीत असला तर ती बारीकच राहते. हा फरक समजल्याशिवाय कोणीही यावरून सहल ठरवू नये.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती महत्त्वाची आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर माण-खटाव हा कायमचा दुष्काळी पट्टा. सबंध जिल्ह्याचा आलेख उघडला, की कोयनेच्या जंगलातला शीळकरी कस्तूर आणि येरळेकाठचा पट्टकादंब एकाच पानावर येतात. त्यामुळे मी जिल्हा न निवडता हॉटस्पॉट, म्हणजे ईबर्डवरील पक्षीनिरीक्षणाची ठरावीक ठिकाणे, निवडून दोन गट केले: पूर्वेला मायणी आणि येरळवाडी, पश्चिमेला कास आणि ठोसेघर. त्यानंतरच कोणत्या पंधरवड्यात कोणत्या दिशेला गाडी वळवायची, याचा नीट अंदाज येऊ लागला.

जानेवारीत पट्टकादंबांसाठी येरळवाडीला गेलो, तेव्हा सकाळी सातला पाण्यावर एकही पक्षी नव्हता. मेंढरे घेऊन चाललेले एक आजोबा म्हणाले, "पहाटं हरभऱ्यात असत्यात ती. ऊन चढू द्या, येत्याल." नऊच्या सुमारास थवा आला. उतरताना पाय पुढे ताणलेले, पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुर्बिणीत स्वच्छ दिसत होते. आठवडा आलेखाने सांगितला, वेळ मात्र आजोबांनी. म्हणून आता पोहोचल्यावर मी आधी शेतावरच्या माणसांशी बोलतो.

मोबाइलवरची नोंद सोपी आहे. भागाची पक्षीसूची घरूनच उतरवून घेतली, की रेंज नसतानाही यादी करता येते. यादी पाठवण्यापूर्वी, ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदले आहेत का, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे, कारण आलेखाचे प्रमाण पूर्ण याद्यांवर उभे असते आणि केवळ दुर्मीळ पक्षी लिहून कावळे-साळुंक्या गाळणाऱ्याचे "हो" त्याला बिघडवते. मी स्वतः आता पारवासुद्धा सोडत नाही.

रिकाम्या जागेचा अर्थ लावताना फार जपावे लागते. पट्टी नाही म्हणजे पक्षी नाही, असे नेहमीच नसते. पुष्कळदा त्या आठवड्यात तिथे कोणी गेलेलेच नसते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुके आणि जळवा असतात, उन्हाळ्यात माणमध्ये नऊनंतर उभे राहवत नाही. लोक जाणार तरी कसे? जूनमध्ये यवतेश्वरच्या वाटेवर संधिप्रकाशात नवरंगाची दोन स्वरांची शीळ ऐकली. पक्षी दिसला नाही, तरी ती नोंद मी "ऐकला" असे लिहून भरली.

खटावमधील तीन लहान पाझर तलाव आम्ही आता वाटून घेतले आहेत. माझ्याकडे वडूजच्या बाजूचा आहे. महिन्यातून दोनदा जाऊन पंधरा मिनिटांची यादी करायची, काही दिसो वा न दिसो, असे ठरले आहे.