प्रॉमिस.ऑल की ऑलसेटल्ड: वापरानंतरचे परीक्षण

ब्राउझरमध्ये एकाच पानासाठी तीन-चार ठिकाणांहून माहिती मागवायची असली की बहुतेकांचा हात आधी प्रॉमिस.ऑलकडे, म्हणजे अनेक रिक्वेस्टची (माहितीच्या मागण्यांची) उत्तरे एकत्र देणाऱ्या फंक्शनकडे जातो. २०१५ च्या ईएस६ आवृत्तीपासून ते जावास्क्रिप्ट या ब्राउझरमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेचाच भाग असल्याने वेगळी लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडावी लागत नाही. ३००, ५०० आणि ४०० मिलिसेकंद घेणाऱ्या तीन रिक्वेस्ट एकामागून एक अवेट केल्या, म्हणजे एकीचे उत्तर आल्यावरच पुढची सोडली, तर १२०० मिलिसेकंद जातात. एकत्र सोडल्या तर साधारण ५०० मध्ये काम उरकते. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की उत्तरे कोणत्याही क्रमाने आली तरी अ‍ॅरेमध्ये (उत्तरांच्या यादीत) ती आपण दिलेल्या क्रमानेच मिळतात. जेक्वेरी या लायब्ररीच्या व्हेन फंक्शनमध्ये रिक्वेस्ट एक की अनेक यावर उत्तराची मांडणीच बदलत असे. तो त्रास ज्यांनी काढला आहे, त्यांना या शिस्तीची किंमत लगेच कळेल.

तक्रार आहे ती अपयशाच्या वेळची. एक रिक्वेस्ट फसली की सगळा निकाल हातचा जातो, मग बाकीची उत्तरे व्यवस्थित आलेली का असेनात. शिवाय उरलेल्या रिक्वेस्ट आपोआप रद्द होत नाहीत. त्यासाठी अबॉर्टकंट्रोलर या रद्द करण्याच्या साधनाचा सिग्नल प्रत्येक फेचला (रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फंक्शनला) देऊन कॅचमध्ये, म्हणजे चूक हाताळणाऱ्या भागात, अबॉर्ट स्वतःच बोलवावे लागते. सूचनांची यादी आली नाही म्हणून प्रोफाइलही कोरे दाखवणे हा वापरणाऱ्यावर अन्याय आहे. अशा पानांसाठी ईएस२०२० मधले ऑलसेटल्डच घ्यावे, कारण ते सगळ्यांची वाट पाहते आणि प्रत्येक रिक्वेस्टचे स्टेटस 'फुलफिल्ड' (पूर्ण) की 'रिजेक्टेड' (फसलेली) हे स्वतंत्रपणे सांगते. वस्तूची किंमत आणि तिच्यावरचा कर यांसारखी, एकाशिवाय दुसरी निरुपयोगी ठरणारी माहिती असेल तिथे मात्र ऑलच योग्य.

एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. सर्व्हरकडून ४०४ (सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमधली चूक) असा त्रुटीचा कोड आला तरी फेच रिजेक्ट होत नाही, त्यामुळे चुकीचे उत्तरही 'फुलफिल्ड' म्हणूनच समोर येते. प्रत्येक फेचच्या देनमध्ये (उत्तर आल्यावर चालणाऱ्या भागात) रिस्पॉन्स.ओके, म्हणजे उत्तर यशस्वी आहे का हे सांगणारा गुणधर्म, तपासून तो फॉल्स (खोटा) असल्यास एरर थ्रो करणे, हे मी अनिवार्य मानतो.

ऑलसेटल्डला वेळेची मर्यादाही नाही. एखादा सर्व्हर उत्तरच देत नसेल तर इतरांची तयार उत्तरे त्याच्यापायी अडकून पडतात, म्हणून प्रत्येक फेचला अबॉर्टसिग्नल.टाइमआउट(८०००) असा आठ सेकंदांचा सिग्नल दिल्याशिवाय ते वापरू नये.